बघबाईचा चेहरा

सतरा वर्षं झाली, लोक माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा बघून किंचाळतात. तिकीट काढून, रांगेत ताटकळून, पोराबाळांना कडेवर घेऊन येतात आणि मनसोक्त किंचाळून घरी जातात. तिला याची फार मजा वाटायची. भाजी घेताना, बसमध्ये बसताना कोणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे, आणि पानगळ लागली की तिच्याच चेहऱ्यासमोर धडधाकट पुरुषांची भंबेरी उडायची.

आम्ही मुखवटे करतो. बसडेपोच्या मागे पत्र्याची एक लांबट शेड आहे, तीच आमचा कारखाना. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर डोकी, मध्ये लांब टेबल, खिडकीपाशी आईची खुर्ची. आई टोप विणते. जाळीवर एकेक केस आकड्याने ओढून गाठ मारायची, असे हजारो केस. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिची नजर पूर्ण गेली, तरी हात थांबले नाहीत. लाकडी ठोकळ्यावर जाळी ताणून ती बोटांनीच काम करते, आणि माझ्यापेक्षा कमी चुका करते हे रोज ऐकवतेही.

दरवर्षी झाडं बोडकी व्हायला लागली की गावाबाहेरच्या मैदानावर मेळा लागतो. मेळ्यात पाळणे आणि भूतबंगला. भूतबंगल्याची सगळी भुतं आमच्याकडची. मेळेवाला उन्हाळा संपता संपता येतो आणि त्या वर्षी जो सिनेमा चालला असेल त्यातलं भूत मागतो. एका वर्षी तोंड शिवलेली बाई, एका वर्षी विदूषक, मग केस तोंडावर सोडलेली पोरगी. केसच तोंडावर सोडायचे तर मुखवटा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, पब्लिकला तेच लागतं." पब्लिकला काय, बाहेर पडायचं दार कुठे आहे हे माहीत असलं की काहीही चालतं.

तर धाकटीचा चेहरा. आमच्या कामात आधी खऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा ठसा लागतो. तोंडाला व्हॅसलीन चोपडायचं, भुवयांना साबण, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि वरून ओलं प्लास्टर. वीस मिनिटं हलायचं नाही. धाकटी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पहिल्यांदा हसली, ठसा फुटला. दुसऱ्यांदा हसली, पुन्हा फुटला. तिसऱ्यांदा मी दम दिला तेव्हा कशीबशी पडून राहिली, पण ओठाचा डावा कोपरा जरा वर गेला तो गेलाच. घट्ट झालेलं कवच काढून त्यात पुन्हा प्लास्टर ओतलं, कवच फोडलं, आणि आतून ती निघाली. हसू दाबून धरलेली. या भरीव चेहऱ्याला आम्ही मूळ म्हणतो. पुढे म्हातारी असो, बुडालेली असो, नववधू असो, आमच्या प्रत्येक बाईभुताच्या ओठाला तो कोपरा आहे. मेळेवाल्याचं म्हणणं, लोक त्यालाच घाबरतात.

मूळ कधी कापायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. आईने घालून दिलेला. सुरकुत्या, गाठी, फुगलेली बुबुळं, हे सगळं वरून माती लावून करता येतं. काम झालं की माती खरवडली, मूळ पुन्हा जसंच्या तसं. पण मातीने चेहरा भरतो, खपाटीला जात नाही. हाडांवर कातडं ताणलेलं भूत हवं असेल तर प्लास्टर कापूनच गाल काढून टाकावे लागतात. त्यासाठी मुळाची नक्कल काढायची, ती चार दिवस वाळवायची आणि मग तिच्यावर पटाशी चालवायची. नक्कल नंतर टाकून द्यायची. फळ्यांवर जागा कुठे होती इतकी?

चार वर्षांपूर्वी मी मूळ कापलं.

त्या वर्षी मेळेवाल्याला सिनेमातली भुतं नको होती. कुठल्याशा दुसऱ्या मेळ्यात जुन्या गोष्टींतली भुतं फार चालली म्हणे. धाकटी पटकन म्हणाली, "आमच्याकडे बघबाई आहे." बघबाई म्हणजे आईची गोष्ट. आम्हा दोघींना लहानपणी झोपवायला, खरं तर गप्प बसवायला, सांगितलेली. पानं गळायला लागली की ती गल्लीत येते. वाळून काटकी झालेली, गाल आत गेलेले. प्रत्येक दाराशी उभी राहते आणि म्हणते, बघ माझ्याकडे, नुसतं बघ. तिला बाकी काही नको असतं. एका माणसाने जरी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं तरी ती सुटेल. पण सगळे तोंड फिरवतात, म्हणून तिला पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागतं. धाकटी पांघरुणातून डोकं काढून म्हणायची, "मी बघेन." मी म्हणायचे, "बघच, मग कळेल."

मेळेवाल्याला गोष्ट आवडली आणि त्याने दोन दिवसांत मुखवटा मागितला. नक्कल वाळायला चार दिवस लागतात हे त्याला सांगून उपयोग नव्हता. आई त्या दुपारी घरी होती. मी मूळ खाली घेतलं, पटाशी घेतली आणि गाल काढले. डोळ्यांखाली खड्डे केले, कानशिलं आत घेतली. तोंडाला मात्र हात लावला नाही. धाकटी आली तेव्हा टेबलावरच्या स्वतःकडे बघत उभी राहिली. "अगं, मला पार म्हातारी करून टाकलंस," म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "आईला कळू देऊ नकोस हं. जीव घेईल तुझा." आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो. आईला कळण्यासारखं काही नव्हतंच. ती ठोकळ्यावर टोप विणायची, मुखवट्यावर टोप चिकटवण्याचं काम धाकटीचं. मूळ आम्ही गोणपाटात गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. त्या वर्षी बघबाईपुढे सगळ्यात मोठी रांग लागली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात धाकटीला पोटाचं दुखणं लागलं. अन्न ठरेना. आधी औषधं, मग तपासण्या, मग दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावरची खाट. तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "आईला इथे आणायचं नाही. ती हात लावून बघणार आणि तिला सगळं कळणार." मग मी आईला सांगत राहिले. खाते हो, पेज खाते, काल अर्धं केळं खाल्लं, गाल जरा भरलेत. आई गुडघे धरून म्हणायची, जिने चढेन मी हळूहळू. मी सांगायचे, आत सोडत नाहीत. आंधळ्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकायला फार अक्कल लागत नाही.

खरं असं होतं की दर दिवसाला तिच्या चेहऱ्यावरचं थोडं थोडं जात होतं. आधी गाल. मग डोळ्यांखालचं. मग कानशिलं आत गेली. मी खाटेजवळ बसायचे आणि हात मांडीखाली दाबून ठेवायचे, कारण हे मी आधी केलेलं होतं. याच क्रमाने, पटाशीने, एका दुपारी. तिलाही ते दिसलं होतं. परिचारिकेकडून आरसा मागून घेतला होता तिने. एके दिवशी मी आत शिरले तशी तिने चादर डोक्यावरून घेतली, हळूच खाली ओढली आणि आईच्या गोष्टीतला तो आवाज काढला, "बघ माझ्याकडे. नुसतं बघ."

मी खिडकीकडे बघितलं. खाली रस्त्यावर कोणीतरी पानं गोळा करत होतं, त्याच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "अगं, गंमत केली." मी म्हणाले, "कळलं मला." थोड्या वेळाने, काम पडलंय, असं सांगून निघाले.

काम पडलेलंच होतं, मेळा तोंडावर आला होता. पण पडलेलं काम मी आयुष्यभर बघितलंय. ते सांगून कोणी बहिणीला सोडत नाही. मी अकरा दिवस गेले नाही. मढ्यांचे चेहरे करून पोट भरणारी बाई मी, सडलेलं कातडं कसं दिसतं ते चहा पिता पिता सांगेन, आणि मला तिथे बसून तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. तिने दोनदा निरोप पाठवला. दुसरा निरोप होता, "फुकटचा नमुना आहे, वाया जाईल." बाराव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. मी पोचले तेव्हा तोंडावरून चादर घेतली होती, आणि ती मी उचलली नाही. परिचारिकेला विचारलं, झोपेत गेली का? ती म्हणाली, नाही, जागी होती, दाराकडे बघत होती. तिथूनच तिला स्मशानात नेलं. आईला सांगितलं, झोपेत गेली, चेहरा अगदी पहिल्यासारखा होता.

आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "मला हात लावू दिला नाहीस." नंतर वर्षभर तो विषय तिने काढला नाही.

यंदा पानं पडायला लागली आणि एका सकाळी टोपाची जाळी ताणता ताणता ती म्हणाली, "तिचं मूळ आहे ना गं वर?"

"आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मला दे एकदा. एकदाच हात फिरवते. मग ठेवून दे परत."

"धूळ बसलीय त्यावर. स्वच्छ करून देते, दोन दिवस थांब."

ती समजूतदारपणे मान हलवून पुन्हा गाठी मारायला लागली. आयुष्यात तिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, आणि जे मागत होती ते मी चार वर्षांपूर्वी पटाशीने खरवडून झाडूने भरून टाकलं होतं.

आई जेवणानंतर डुलकी घेते तेवढा वेळ मला मिळायचा. मी मूळ उतरवलं, गोणपाट सोडलं, आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघायला गेले तर जमेना. बाजूने बघत माती मळली. गाल भरायचे होते, बस. तीस वर्षांचा हात आहे माझा. मी माती लावली, दाबली, गुळगुळीत केली, आणि समोर बुडून फुगलेली बाई तयार झाली. खरवडली. पुन्हा लावली, कमी लावली, तर दुकानातली बाहुली. फोटो काढून समोर मांडले. त्यांतल्या निम्म्यांत तिने वेडंवाकडं तोंड केलेलं. आईला आडून आडून विचारलं, तिच्या कपाळाचं माप आठवतं का गं? आई टोपासाठी सगळ्यांची डोकी बोटांनी मोजायची. ती चटकन म्हणाली, "भुवईपासून केसांपर्यंत तीन बोटं. हनुवटीपासून ओठापर्यंत दोनला जरा कमी. गालाला माप नसतं, गाल तळहातात बसतो." आणि तिने हवेत तळहात वाकवून दाखवला.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा काहीतरी जमल्यासारखं वाटलं. नेमका तेव्हा मेळेवाला मालाची चौकशी करायला आला. टेबलावरचा चेहरा बघून दारातच थबकला.

"ताई, हे कोण?"

"कोणी नाही."

"काहीच केलेलं नाही याला, तरी अंगावर काटा येतोय बघा. रक्त नाही, दात नाहीत. ही द्या यंदा मला. पाच करून द्या."

मी त्याला जा म्हटलं, त्याहून जरा कडक शब्दांत. तो गेल्यावर मी चेहऱ्यापासून दोन पावलं मागे झाले आणि मलाही दिसलं. गाल होते, कपाळ होतं, तीन बोटं, दोनला जरा कमी. फक्त ती त्यात नव्हती. तिला मी एक्केचाळीस वर्षं बघितलं होतं, आणि हाताने बोलवायला गेले तर तिथे एक भूतच येत होतं. मी हात टेकले. सगळी माती खरवडून काढली. उद्या आईला सांगू, मूळ फुटलं, फळीवरून पडलं, माझ्याच हातून. शिव्या घालेल, चार दिवस बोलणार नाही, पण तेवढ्यावर निभावेल, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी माल न्यायचा होता. मेळेवाल्याची गाडी मागच्या बाजूला लागली, आणि आम्ही दोघं खोके चढवायला लागलो. आई खिडकीशी होती. मूळ टेबलावर होतं, वर गोणपाट टाकलेलं. मला वाटलं, ती कशाला तिथे जाईल. पण ही शेड तिला माझ्यापेक्षा पाठ आहे. आणि दोन दिवस उलटून गेले होते, तिने ते मोजले होते.

मी तिसरा खोका ठेवून आत आले तेव्हा मूळ तिच्या मांडीवर होतं.

गोणपाट खाली पडलं होतं. तिने दोन्ही तळहात वाकवून गालांवर ठेवले होते आणि तळहातांखाली काही नव्हतं, नुसती पोकळी. मी दारात उभी राहिले. तिने हात काढले, बोटं कपाळावर ठेवली, मोजली. तीन. हनुवटी मोजली. मग पुन्हा गालांच्या खड्ड्यांत बोटं घातली, डोळ्यांखाली फिरवली, कानशिलांवर आली. फार हळू, केसाची गाठ शोधते तशी.

"आलीस का?" ती म्हणाली. माझी पावलं ओळखते ती.

"आई, ते—"

"तीच आहे. पण गाल नाहीत गं."

"आई, ऐक. ते मी—"

"खाते म्हणाली होतीस. केळं खाल्लं म्हणाली होतीस." तिचा आवाज चढला नाही. "इतकी वाळली होती? हे बघ, इथे तर हाडच आहे. इतकी वाळली होती माझी पोर?"

मी तिच्यासमोर खाली बसले. खरं सांगायचं होतं. मूळ मी कापलं, एका मुखवट्यासाठी, नियम मोडून, तुझ्या पाठीमागे. हा तिचा आजार नाही, माझी पटाशी आहे. पण पुढे काय सांगणार होते? की ती अशी झाली नव्हती? ती अशीच झाली होती. याच खड्ड्यांपर्यंत, याच हाडापर्यंत.

"मूळ तर तू कापणार नाहीस," आई म्हणाली. ती माझ्याशी नाही, स्वतःशीच जुळवत होती. "म्हणजे हा ठसा तिथला. दवाखान्यातला. शेवटी घेतलास तू."

मी खाली पडलेलं गोणपाट उचलून त्याची घडी घालायला लागले.

"म्हणजे तू होतीस तिच्याजवळ." तिच्या बंद डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चेहरा मात्र सैल झाला, वर्षभरात पहिल्यांदा. "वर्ष झालं, मला विचारायची हिंमत होत नव्हती. वाटायचं, तू अडखळलीस तर मला कळेल की ती एकटी होती. खाण्यापिण्याचं खोटं बोललीस, त्याचं काही नाही. मीही तेच केलं असतं. तू होतीस ना, झालं."

मागून मेळेवाल्याने हाक मारली, ताई, आवरा. आईची बोटं खाली सरकली, ओठांवर आली, डाव्या कोपऱ्यावर थांबली. तिथे मी पटाशी लावली नव्हती. सतरा वर्षांपूर्वीचं ते दाबलेलं हसू जसंच्या तसं होतं.

"हसतेय ही," आई म्हणाली. "हो ना गं? हसत होती?"

ती दाराकडे बघत होती. जागी होती आणि दाराकडे बघत होती, आणि दारातून कोणी आलं नाही.

"हो," मी म्हणाले.

"तू काहीतरी बोलली असशील. नाहीतर प्लास्टर तोंडावर असताना कोण हसतं? ती तर पहिल्यापासून तशीच, आठवतं? दोनदा फुटला होता."

"आठवतं."

आईने मूळ उचलून छातीशी धरलं, त्यावर हनुवटी टेकवली. मग म्हणाली, "प्लास्टर घट्ट होताना गरम होतं ना. तेवढी तरी ऊब मिळाली असेल तिच्या तोंडाला."

"मिळाली, आई."

"सांग ना मला. सगळं सांग. ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस. आता नको, काम आहे तुला. संध्याकाळी सांग."

मी उठले. आता रोज संध्याकाळी मला त्या खोलीत जायचं होतं, जिथे मी गेले नव्हते, आणि आईला तिथलं एकेक सांगायचं होतं. तिने ते मूळ परत फळीवर ठेवू दिलं नाही. तिच्या ठोकळ्यावर अर्धा विणलेला टोप होता, तो काढून तिने बाजूला ठेवला आणि विचारलं, केस राहिले होते का शेवटी? मी नाही म्हणाले. मग मी याच्यासाठी टोप करते, म्हणाली, खऱ्या केसांचा.

बाहेर जाऊन मी शेवटचा खोका उचलला. मेळेवाल्याने विचारलं, यात काय? मी म्हणाले, बघबाई. झाकण नीट बसलं नव्हतं, आणि फटीतून ती खालून माझ्याकडे बघत होती. मी झाकण दाबून बसवलं आणि खोका गाडीत ठेवला.